बाटली चालू ठेवायची की बंद?

पावसाळा सरत आला की पिंपरीतल्या आमच्या वॉर्डात डेंग्यूचे पेशंट वाढतात. बरेचसे चाकण एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, खराबवाडी-म्हाळुंग्याच्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहणारे. सोबतच्यांचा आग्रह ठरलेला: "डॉक्टर, सलाईन लावा ना, ताकद येईल."

डेंग्यूत सलाईनचं काम फार नाजूक. ताप उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पुढचे २४ ते ४८ तास रक्तातलं पाणी छातीत, पोटात उतरतं. तेव्हा सलाईन कमी पडलं तर पेशंट शॉकमध्ये जातो. मग पाझर थांबतो, तेच पाणी रक्तात परतू लागतं. तरीही बाटली चालूच राहिली तर फुफ्फुसात पाणी भरतं.

म्हणून राउंडला मी सोनोग्राफीचं छोटं मशीन सोबत नेते. छातीच्या हाडाखाली जेली लावून प्रोब ठेवला की यकृतामागची महाशीर दिसते. "नाकाने जोरात श्वास ओढ." शीर २.१ सेंमीपेक्षा बारीक आणि श्वासासरशी निम्म्याहून जास्त मिटली, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब कमी. पण धडधाकट पोराचीही शीर अशी मिटते, त्याला कुठे सलाईन लागतं! एवढ्यावर बाटली लावणं मला पटत नाही. प्रोब उजव्या कुशीला नेते. यकृताच्या वर काळी पट्टी, पित्ताशयाची भिंत सुजलेली: पाझर सुरू आहे. छातीवर दोन्ही बाजूंना स्क्रीनच्या तळापर्यंत पांढऱ्या रेघा उतरताना दिसल्या, तर फुफ्फुसात पाणी साठतंय, बाटलीचा हात आखडता घ्यायचा. मग हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), लघवीचं माप, आणि काही तासांनी पुन्हा प्रोब. एकदा बघून भागत नाही.

हे मशीन रुग्णालयाच्या नावावर नोंदलेलं आहे. उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेता येत नाही; सोनोग्राफीने गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून हे बंधन. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, त्यामागचं कारण आपल्याला ठाऊक आहे. ही बंधनं मला मान्यच आहेत. पण पहिली बाटली लागते ती बहुधा गल्लीतल्या दवाखान्यात, आणि तिथे प्रोब नसतो. बीपीचं यंत्र मात्र असतं. म्हणून तिथल्या डॉक्टरांना एवढंच सांगणं: वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, हातपाय गार पडले, की सलाईन सुरू करून पेशंटला लगेच पाठवा, आणि चिठ्ठीवर किती बाटल्या, किती वाजता गेल्या, तेवढं नक्की लिहा.