देवालयाच्या छपरावरील दुर्बीण

रोमला जाणारा यात्रेकरू संत पेत्राचे महामंदिर पाहतो, प्राचीन ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनभूमी पाहतो आणि पाय थकले म्हणजे परतीच्या वाटेस लागतो. संत इग्नेशियसच्या मंदिराकडे त्याची पावले क्वचितच वळतात. आमचीही वळली नसती. परंतु राखेच्या बुधवारी आमच्या मुक्कामापासून तेच मंदिर जवळ होते, म्हणून सकाळच्या मिस्सेसाठी आम्ही तेथे गेलो.

आमच्यासोबत आमचा पुतण्या होता. तो पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. गेली दोन वर्षे त्याने मिस्सेला येणे सोडले होते. "काका, शास्त्र आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत. मला दोहोंपैकी एक निवडले पाहिजे," असे त्याने आम्हांस स्पष्ट सांगितले होते. आमच्या प्रकृतीची काळजी घेण्यासाठी त्याला सोबत धाडते, असे वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मनातील खरे कारण आम्ही ओळखून होतो.

आपल्याकडे धर्मगुरू कपाळावर राखेचा क्रूस रेखतात. इटलीत ती राख मस्तकावर शिंपडतात. माणूस मातीचा आणि मातीतच मिळायचा, याची आठवण देणारी ती चिमूट आमच्या डोक्यावर पडली व थोडी कोटाच्या कॉलरवर सांडली. पुतण्या मागच्या बाकावर बसून राहिला.

मिस्सा संपल्यावर पाहतो तो, स्वारी मान वर करून उभी. या मंदिराला घुमट बांधावयाचा होता, पण तो कधी बांधला गेला नाही. म्हणून १६८५ साली येशूसंघाचे बंधू आंद्रेआ पोत्सो यांनी सपाट कापडावर घुमट रंगवून तो तेथे बसवला. फरशीवरील खुणेपाशी उभे राहिले की खोल, उंच, प्रकाशाने भरलेला घुमट दिसतो. चार पावले पुढे गेले की तो कलंडतो.

"म्हणजे सगळा देखावाच!" पुतण्या म्हणाला. त्याच्या स्वरातील बोच आम्हांस समजली.

तेव्हा आम्ही त्याला त्या छपराच्या वरची हकीकत सांगितली. घुमटाचे ओझे पेलण्यासाठी उभारलेले भक्कम खांब रिकामेच राहिले होते. एकोणिसाव्या शतकात फादर अँजेलो सेक्की या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याच खांबांच्या आधाराने छपरावर वेधशाळा उभारली. दुर्बिणीला हादरा बसू नये म्हणून असा भक्कम पाया हवाच होता. ताऱ्यांची घडण कोणत्या द्रव्यांची आहे हे मनुष्यास कधीच कळणार नाही, असे ओगुस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहिले होते. फादर सेक्कींनी ताऱ्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून नेला. इंद्रधनुष्यासारखा पट्टा पसरला, त्यात बारीक काळ्या रेषा दिसल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. जणू अंगठ्याचा ठसाच. चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे पट्टे न्याहाळून त्यांनी त्यांचे वर्ग पाडले. व्याधासारखे पांढरे तारे, सूर्यासारखे पिवळे, ज्येष्ठेसारखे तांबडे. आणि १८६८ साली त्यांनी कर्बाच्या खुणा असलेले गडद तांबडे तारे ओळखले. १८७८ साली ते वारले. आज ती दुर्बीण तेथे नाही.

मंदिरासमोरच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पुढचे मी सांगतो." आणि त्याने सांगितले ते असे.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश उष्णता आहे. तेथे हायड्रोजनच्या चार अणुकेंद्रांपासून अखेर हेलियमचे एक होते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो, आणि त्यातूनच आपले ऊन येते. तारा वृद्ध झाला म्हणजे गाभा दहा कोटी अंशांपर्यंत तापतो. मग तीन हेलियम मिळून कर्ब होतो, त्यात आणखी एक हेलियम मिसळून प्राणवायू. फार मोठ्या ताऱ्यांत निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन असे चढत चढत काम लोखंडापर्यंत जाते. तेथे भट्टी थांबते. कारण लोखंडाची केंद्रे जोडताना ऊर्जा मिळत नाही, उलट ती खर्च होते. आतला आधार सुटतो, गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि तारा फुटतो. त्याने आयुष्यभर शिजवलेले सारे अवकाशात विखुरते. अशाच राखेने समृद्ध झालेल्या मेघातून सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्य व पृथ्वी घडली.

"याला पुरावा?" आम्ही विचारले.

"तुमच्या फादर सेक्कींच्याच रेषा! १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या पट्ट्यात टेक्नेशियम दिसले. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हे मूलद्रव्य फार लवकर विरून जाते. म्हणजे ते त्या ताऱ्यातच नव्याने घडत असले पाहिजे." मग आमच्या बोटातील लग्नाच्या अंगठीकडे पाहून तो म्हणाला, "सोनेही दुर्मिळच. दोन मृत ताऱ्यांच्या टकरीत अशी जड द्रव्ये घडतात, हे २०१७ साली प्रत्यक्ष दिसले."

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हॅटिकनची बाग पाहिली. तेथे पोप चौथे पायस यांच्या नावाचे एक छोटे, देखणे भवन आहे. परमगुरूंच्या विज्ञान अकादमीचे ते स्थान. या अकादमीने मे १९५७ मध्ये ताऱ्यांविषयी एक अभ्याससप्ताह भरवला होता. फ्रेड हॉइल व विल्यम फाउलर हे दोघेही त्यास आले होते. त्याच वर्षी या दोघांनी मार्गारेट व जेफ्री बर्बिज यांच्यासह मूलद्रव्यांच्या ताऱ्यांतील जन्माविषयीचा सुप्रसिद्ध प्रबंध प्रसिद्ध केला. हॉइल देव न मानणारे. त्यांच्यासोबत त्या सप्ताहात बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र होते, ज्यांनी १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आदिअणूतून झाल्याचे मांडले होते. आरंभाविषयी दोघांचे मुळीच पटत नसे. तरी देवाला मानणारा व न मानणारा, दोघे त्या आठवड्यात एकाच प्रश्नापुढे बसले होते.

"एका घरात," आम्ही एवढेच म्हटले.

पुतण्या हसला नाही, वादही घातला नाही. त्याची नजर आमच्या कॉलरवर गेली. कालची राख तेथे अजून होती. "चुना, पालाश, थोडा कर्ब," तो हळूच म्हणाला. "काका, हे सगळे कुठल्या ना कुठल्या ताऱ्यात घडलेले आहे." तो ती झटकून टाकील असे आम्हांस वाटले. त्याने ती रुमालाने अलगद टिपली, रुमालाची घडी केली व खिशात ठेवला. आम्ही काही विचारले नाही. रात्री वहिनींना दूरध्वनी केला, तेव्हा तेवढेच सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, पुढील राखेच्या बुधवारी आपल्या गावच्या देवळात तुमच्या कपाळी राख लागेल, तेव्हा मान अवश्य लववा. परंतु ज्या मातीचे आपण घडलो, ती माती सिद्ध करण्यासाठी परमेश्वराने किती तारे पेटवले व विझवले, हेही क्षणभर आठवा. आणि घरातील एखादे लेकरू मागच्या बाकावर बसून राहिले, तर त्याला लगेच दटावू नका. त्याच्याशेजारी पायरीवर बसा, आणि त्याला काय ठाऊक आहे ते आधी ऐकून घ्या.