अक्कांचा हिशेब

आठवीच्या वर्गाला मी चक्रवाढ व्याज वर्षानुवर्षं शिकवलं. फळ्यावर सूत्र लिहायचं, मुद्दल, दर आणि मुदत घालायची, रास काढायची. मुलांना जमायचं, मलाही जमायचं. हे व्याज प्रत्यक्षात कुणाच्या घरी साठतं आणि कुणाच्या घरून निघून जातं, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो ज्यांच्यामुळे पडला, त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. सोलापूरच्या पूर्वभागात सगळे त्यांना अक्का म्हणत.

अक्का पोस्टाच्या आर.डी.च्या एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 साली सुरू झाली, त्यातल्या. घरोघर फिरून पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे, खातेदाराच्या कार्डावर सही करायची, पैसे पोस्टात भरायचे. अक्का पहिल्याच भेटीत सांगून टाकत, "शंभरामागं चार रुपये मला सरकार देतं. तुझ्यातलं काय कापत नाही." मला ते बोलणं थोडं हलकं वाटलं होतं. आमच्या घरी पैशाबद्दल असं उघड कुणी बोलत नसे.

वडील शिक्षक. पैशाचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र उघडत. कुणी उसने मागितले तर नाही म्हणत नसत, दिलेले परत मागत नसत, सहकाऱ्यांच्या कर्जाला जामीन राहत. गावात त्यांना फार मान होता आणि आम्हा मुलांना त्याचा अभिमान. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा ते अनेकदा सांगत. त्याच कथेत धाकट्या भावाने, कान्होबाने, आपल्या वाट्याची अर्धी खतं ठेवून घेतली होती, हा भाग ते सांगत नसत. मी तो पुष्कळ उशिरा वाचला आणि मला एकदम आई आठवली. कुणीतरी खतं बुडवायची असतील, तर कुणीतरी ठेवावीही लागतात. घर चालायचं असतं.

1986 साली मी अनुदानित शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागले. पगार आणून वडिलांच्या हातात द्यायचा, ही रीत मी आनंदाने पाळली. लग्न झाल्यावर तोच पगार नवऱ्याच्या हातात जाऊ लागला. बदलला तो फक्त हात. एकदा अक्का शेजारणीचा हप्ता घ्यायला आल्या असताना जिन्यात भेटल्या.

"पगार किती तुझा?"

मी आकडा सांगितला.

"आणि त्यातला तुझा किती?"

मला उत्तर देता आलं नाही. राग मात्र आला. आमच्यात तुझं-माझं नसतं, असं काहीतरी मी म्हणाले. अक्का हसल्या, "नसतं ना? मग कागद दोघांच्या नावावर असतील." नव्हते. पुढच्या महिन्यात मी निमूटपणे माझ्या नावाचं पन्नास रुपयांचं आर.डी. खातं काढलं. तेवढ्यासाठीही घरी कारण सांगावं लागलं.

1988 मध्ये किसान विकास पत्र आलं. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. मी लगेच गणित मांडलं: दर साधारण 13.4 टक्के. अक्कांना कौतुकाने सांगितलं. त्यात त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता, त्यांची एजन्सी आर.डी.पुरतीच. तरी म्हणाल्या, "घे की. चांगलंच आहे. पण दुप्पट झाले म्हणून दुप्पट सामान येईल असं समजू नको. तेलाचा भाव लिहून ठेव." मी खरंच वहीत लिहून ठेवला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महागाई दोन आकडी झाली आणि साडेपाच वर्षांनी ती वही काढली, तेव्हा माझ्या दामदुप्पटीतलं बरंचसं तेल-डाळीने आधीच खाल्लेलं होतं. व्याजाच्या दरातून महागाई वजा करायची, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. त्यानंतर मी ते वर्गात सांगू लागले, अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून.

नव्वदच्या दशकात सागवानाची झाडं विकणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. आमच्या शिक्षकखोलीतही रंगीत पत्रकं फिरली. अक्कांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढं देणारा हा माणूस आणतो कुठनं?" त्यांच्याकडे आर्थिक शहाणपणाचं दुसरं सूत्रच नव्हतं. गल्लीतल्या पतसंस्थेने दोन टक्के जास्त देऊ केले तरी प्रश्न तोच. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बँकेतही तेव्हा ते एका लाखापर्यंतच होतं. पाच लाख 2020 मध्ये झालं.

हे सगळं व्यवहारज्ञान झालं. अक्कांचं खरं ऋण पुढचं आहे.

1996 मध्ये वडील अचानक गेले. तेरावा झाला आणि कागद शोधायला सुरुवात झाली. बँकेतल्या ठेवी एकट्या वडिलांच्या नावावर, नामनिर्देशन कुणाचंच नाही. घर त्यांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. त्यातच एका पतपेढीचं पत्र आलं: ज्यांना ते जामीन राहिले होते त्यांतल्या एकाने हप्ते थकवले होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद कार्यालयात अडकलेले. पैशाचा विषय ज्या घरात कधी निघाला नाही, त्या घरात आता दिवसभर दुसरा विषय नव्हता. आई मधल्या खोलीत बसून असे. तिला काही विचारलं की म्हणे, "ते बघायचे." सगळा संसार करून तिला आपल्या घरात किती आहे हे माहीत नव्हतं, आणि याला आम्ही इतकी वर्षं साधेपणा म्हणत होतो.

अक्का भेटायला आल्या. थोडं बसल्या आणि आईला म्हणाल्या, "कार्ड काढा बाई." आईने कपाटातल्या साड्यांखालून एक मळकं कार्ड काढलं. पानभर अक्कांच्या सह्या. शेंगाचटणी कांडून ती ओळखीच्या घरी विकत असे, त्यातून ती आर.डी. भरत होती. वडिलांना ठाऊक नव्हतं, आम्हालाही नाही. अक्का तिला पोस्टात घेऊन गेल्या, मी बरोबर होते. फॉर्म भरायला मी पेन काढलं, तर अक्कांनी हात आडवा धरला. "त्यांना भरू दे." आईने फॉर्म भरायला पाऊण तास घेतला. त्या महिन्यांत घर चाललं ते त्या पैशावर.

परतताना अक्का सहज बोलून गेल्या की आईचं हे पहिलं कार्ड नव्हे. आधीचं एक पुरं झालं ते माझ्या बी.एड.च्या प्रवेशाच्या वर्षी. फीचे पैसे वडिलांनी कुठून तरी जुळवले, असं मी समजत होते. ते आईने "माहेरून आले" म्हणून त्यांच्या हातात दिले होते. म्हणजे जिच्या कमिशनच्या गोष्टी मला हलक्या वाटल्या, तिच्या कार्डावर मी शिक्षिका झाले होते. आणि वडिलांची पैशाबद्दलची बेफिकिरी, जिचा आम्हाला एवढा अभिमान, तिचा खर्च आई उखळात कांडत होती. वडिलांवरचं माझं प्रेम यामुळे कमी झालं नाही. पण पैशाकडे पाठ फिरवणं हे वैराग्य असतंच असं नाही, हे मला मान्य करावं लागलं. पुष्कळदा ते फक्त दुसऱ्यावर टाकलेलं ओझं असतं.

त्यानंतर हक्कसोडपत्र आलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात आई, भाऊ आणि मी सारखेच वारस. भाऊ चांगला, त्याच्या मनात काळं नव्हतं. "ताई, ती रीत आहे," म्हणाला. आमच्याकडे बहिणी सही करतात, साडी घेतात आणि माहेर टिकवतात. आईचीही सही घ्यायची, असं कागद करणाऱ्याने सुचवलं होतं. मी अक्कांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचलंस का?" वाचलं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेने स्वतःच्या हिश्शाचा कागद वाचला नव्हता. वाचल्यावर मी भावाला सांगितलं, माझा हिस्सा मी सोडते, पण आईचा सुटणार नाही, तिचं नाव उताऱ्यावर चढलं पाहिजे. काही दिवस बोलणं बंद झालं, मग चढलं. अक्कांना माझा अर्धा निर्णयही पटला नव्हता. म्हणाल्या, "चांगुलपणा विकत घेतलास. परवडला तर ठीक." परवडला, हे खरं. का परवडला, हे कळायला आणखी काही वर्षं गेली.

2006 मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. 10,020 घरं, पंतप्रधान मनमोहन सिंग उद्घाटनाला आले होते. केंद्राचा, राज्याचा आणि कामगाराचा स्वतःचा असा वाटा होता. अक्कांच्या काही खातेदार बायकांनी आपला वाटा आर.डी.तून भरला. एका दुपारी अक्कांबरोबर मी तिथे गेले आणि भारावून म्हणाले, "बघा, बचतीनं काय होतं!" अक्का तिथल्या तिथे थांबल्या.

"बचतीनं? या बायका तुझ्यापेक्षा जास्त बचत करतात. हजार बिड्यांच्या मजुरीतनं. पान आलं नाही की मजुरी नाही, बिड्या नापास केल्या की मजुरी नाही. तरी टाकतात. मग नवरा पडतो, पोर पडतं, नायतर गड्ड्याच्या जत्रेआधी दारात घेणेकरी येतो. कार्ड मोडतं."

तीन वर्षांनंतर आर.डी. मुदतीआधी मोडता येते, पण व्याज मग बचत खात्याच्या दराने मिळतं. म्हणजे पैसे तेच, पोस्ट तेच, काटकसर माझ्यापेक्षा कडक, आणि व्याज कमी. "तू कधी मोडलंस का कार्ड?" अक्कांनी विचारलं. कधीच नाही. "तुला पगार येतोय दर महिन्याला. म्हणून तुझं व्याज पुरं."

चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात मुद्दल, दर आणि मुदत असते. मुद्दलाबद्दल आणि दराबद्दल आपण पुष्कळ बोलतो. मुदत मात्र ज्याच्याकडे आधीच काही आहे त्यालाच पाळता येते. माझ्याकडे सरकारी अनुदानातला पगार होता, भविष्य निर्वाह निधी होता. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन बंद झालं. मी आधी लागले म्हणून मला ते मिळालं. भावाला सोडून दिलेला हिस्साही याच जोरावर सोडला होता. आज माझ्या नावावर घर आहे, थोड्या ठेवी आहेत. ते माझ्या शिस्तीचं फळ आहे असं कुणी म्हटलं तर मी आता गप्प बसत नाही. शिस्त अक्कांच्या बिडीवाल्या बायकांकडे होती. माझ्याकडे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता.

अक्कांना स्वतःला निवृत्तिवेतन नव्हतं. एजंटला नसतंच. गुडघे गेले तसं त्यांनी काम थांबवलं आणि कार्डं एका तरुण विधवेच्या हवाली केली. शेवटपर्यंत त्यांनी कुणाकडून एक पैसा उसना घेतला नाही, माझ्याकडूनही नाही. देऊ केला तेव्हा म्हणाल्या, "कागद करणार असशील तर घेते." मी कागद करायला तयार नव्हते, त्या बिनकागदाचं घ्यायला तयार नव्हत्या. त्यामुळे माझ्याकडून त्यांना पैशात काहीच पोचलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे, आणि वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: तुमच्या घरात माझ्या आईसारखी कुणी असेल, तर पुढच्या वेळी बँकेत किंवा पोस्टात जाताना तिला बरोबर न्या. फॉर्म तिलाच भरू द्या. पाऊण तास लागला तरी.