सालदार

आमच्या गावात कापसाचा भाव, पावसाचे मान आणि विदर्भाचा क्रिकेटसंघ या तीन विषयांवर मत नसलेला माणूस अजून जन्मास यावयाचा आहे. पहिल्या दोन विषयांत आमचे काही तरी अडकलेले असते. तिसऱ्यात कपर्दिकही नसते, आणि म्हणूनच की काय, त्यावरचे मत सर्वांत ठाम असते. नागपूर आमच्या बुलढाणा जिल्ह्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. जामठ्याचे मैदान आमच्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. तरीही आषाढ लागला की यंदा संघात कोणाची उणीव आहे, बाहेरून कोण आणावा आणि कोणास नारळ द्यावा, याचा खल आमच्याकडे सुरू होतो. निवडसमितीला त्याचा पत्ता नसतो एवढेच!

बाजाराच्या रस्त्यावर एका वह्यापुस्तकांच्या दुकानाला दगडी ओटा आहे. दुकान बंद झाले की तो आमचा. तेथे वकीलसाहेब येतात. आयुष्यात त्यांनी बॅट एकदाच हाती धरली, तीही मारामारीच्या खटल्यातील मुद्देमाल म्हणून. पण फलंदाजाचा पाय कोठे पडावयास हवा होता हे ते अचूक सांगतात. डॉक्टर येतात, ते प्रत्येक गोलंदाजाच्या गुडघ्याविषयी बोलतात. गुरुजी येतात. हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. आमच्यात खरोखर खेळलेले तेवढे एकटेच. शाळेच्या मुरमाड मैदानावर पदरच्या पैशाने मॅटिंग अंथरून त्यांनी दोन तपे मुलांकडून गोलंदाजी करवून घेतली. आणि मी येतो. माझे काम बहुधा दोन्ही बाजूंना मान डोलावण्याचे. प्राध्यापकी पेशात ही कला आपोआप अंगवळणी पडते.

संघाने बाहेरून आणलेल्या खेळाडूंना गुरुजींनी एक नाव दिले आहे: सालदार. वऱ्हाडात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पाडव्याला बोली व्हावी, वर्षाचे धान्य-पैसे ठरावे, गड्याने वर्षभर राबावे आणि पुढच्या पाडव्याला मन लागले तर राहावे, नाही तर पलीकडच्या शिवारात जावे. नियमाप्रमाणे रणजी करंडकाच्या संघाला असे तीन पाहुणे घेता येतात. "तीन सालदार ठेवा, पण आठ पोट्टे घरचे कोण, ते आधी सांगा," हे गुरुजींचे पालुपद.

वकीलसाहेबांचा पक्ष उलट. ते आकड्यांवर बोट ठेवतात. विदर्भ १९५७-५८ पासून रणजीत खेळतो आहे. पुढची साठ वर्षे आम्ही काय केले? पाहुण्या संघांचा सराव करून दिला! २०१५ साली मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडे आला. कर्नाटकाचा गणेश सतीश आधीच आला होता. २०१७ साली चंद्रकांत पंडितांच्या हाती प्रशिक्षणाची सूत्रे गेली, आणि त्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून आम्ही पहिल्या अंतिम सामन्यातच करंडक जिंकला. विजयाचा चौकार जाफरच्याच बॅटीतून निघाला. त्याने मुंबईसाठी आठ अंतिम सामने जिंकले होते. हा नववा, आणि पुढच्या वर्षी सौराष्ट्राविरुद्धचा दहावा. "आता बोला, गुरुजी!"

गुरुजी बोलत. त्या सामन्यात ५९ धावांत सहा गडी बाद केले ते रजनीश गुरबानीने, आणि त्यात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन. शिकलेला हा मुलगा स्थापत्य अभियांत्रिकी! शतक केले अक्षय वाडकरने. नवा चेंडू घेऊन पहिलाच रणजी सामना खेळला तो अकोल्याचा आदित्य ठाकरे, म्हणजे आमच्या शेजारचा पोरगा. "पीक घरच्या बियाण्याचं आलं, वकीलसाहेब. सालदारानं पाणी दिलं." "पण पाण्यावाचून साठ वर्षे बियाणे कणगीतच पडले होते ना?" असे म्हणून वकीलसाहेब चहा मागवीत. या वादात दोघेही खरे होते, आणि म्हणूनच तो सात वर्षे टिकला.

मला स्वतःला या भांडणात इतिहासाची गंमत अधिक वाटे. ज्या इंदुरात आम्ही जिंकलो, त्या इंदूरने कधी काळी आमचाच माणूस नेला होता. कर्नल सी. के. नायडू जन्मले नागपुरात, १८९५ साली. होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात हुद्दा दिला. १९३२ साली ते भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झाले. होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. युद्धाच्या काळात याच संघाने डेनिस कॉम्प्टन या लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज फलंदाजालाही उतरविले होते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या, आणि तरीही होळकर हरले. सालदाराने एकट्याने नांगर ओढून शेत पिकत नाही, ही गुरुजींची म्हण त्या दिवशी ब्रेबोर्नवर कोणी तरी म्हटली असती तर चालली असती.

आणि ज्यांच्या नावाचा हा करंडक, त्या रणजितसिंहांचे काय? काठेवाडचा हा राजपुत्र ससेक्स परगण्याकडून खेळला, आणि १८९६ साली मँचेस्टरला इंग्लंडच्या वतीने पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ धावा करून गेला. घरच्या अभिमानाचा हा आमचा करंडक अशा माणसाच्या नावाचा आहे, की ज्याने आपले सारे थोर क्रिकेट दुसऱ्याच्या घरी खेळले. मँचेस्टरवरून आठवले. माझ्या वर्गातील मुले तेथील फुटबॉलसंघाविषयी "आम्ही" असे म्हणतात. "सर, आम्हांला बचावफळीत एक माणूस पाहिजेच," असे परवा एकजण इतक्या काकुळतीने म्हणाला, की तो माणूस मीच अडवून ठेवला आहे की काय असे मला वाटले. पणजोबांचा कापूस मँचेस्टरला गेला, पणतवाचे मन गेले! कापसाचे निदान पैसे तरी येत.

हे सारे हसण्यावारी चालले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत मात्र ओट्यावरचे हसणे जरा थबकले. अंतिम सामना जामठ्यालाच होता, समोर केरळ. विदर्भाचे तीन गडी २४ धावांत गेले. मग नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि कर्नाटकातून आलेला करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. दानिशने १५३ केल्या. करुण ८६ वर धावबाद झाला. गुरुजी आणि वकीलसाहेब त्या दिवशी प्रथमच एका बाजूला होते. आमचा ध्रुव शोरीही त्या संघात होता. आमचा म्हणावयाचा, कारण याच ध्रुवने २०१७ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध १४५ धावा केल्या होत्या आणि वकीलसाहेबांनी त्याला या ओट्यावरून अस्सल वऱ्हाडी शिव्या दिल्या होत्या.

मग केरळचा डाव आला, आणि त्यांच्या बाजूने उभा राहिला आदित्य सरवटे. नागपूरचा डावखुरा फिरकी गोलंदाज. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा गडी बाद करून, आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू देऊन, ज्याने आम्हांला दुसरा करंडक मिळवून दिला, तोच आता केरळचा पाहुणा म्हणून नागपुरात आमची वाट अडवून उभा. त्याने ७९ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा ओट्यावर आरोळी उठली. गुरुजींनी मात्र मोबाइल मांडीवर ठेवला आणि एकट्यानेच टाळ्या वाजविल्या. वकीलसाहेब चकित झाले. "अहो, तो आता त्यांचा!" गुरुजी म्हणाले, "असू द्या बाप्पा. पोट्टं आपलं आहे."

पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक विदर्भाकडे आला. दुसऱ्या डावात करुणने १३५ केल्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो कर्नाटकात परत गेल्याची बातमी आली. साल संपले होते. वकीलसाहेबांनी लगेच त्याच्या जागी कोण आणावा याची यादी काढली. मी त्या यादीकडे पाहिले नाही. माझे मन निराळ्याच एका जागेत गुंतले होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी मूळचा कोकणातला. १९९६ साली या गावच्या महाविद्यालयात इंग्रजीचा अधिव्याख्याता म्हणून आलो, आणि राहिलो. त्या एका जागेसाठी जे अर्ज आले होते, त्यांत गुरुजींचा एक होता. हे मला रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एका कारकुनाने सांगितले. गुरुजींनी आजतागायत सांगितलेले नाही. उलट त्यांनीच मला भाड्याची खोली पाहून दिली, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात डोक्याला उपरणे कसे गुंडाळावे ते शिकविले. सालदार हा शब्द त्यांनी माझ्यासमोर शेकडो वेळा उच्चारला असेल. प्रत्येक वेळी मी मान डोलावली.

त्या वर्षी जूनमध्ये आमच्या विभागात तासिका तत्त्वावरच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. तासिका तत्त्व म्हणजे काय ते महाविद्यालयाशी संबंध असलेल्या कुटुंबांना सांगावयास नको. तासागणिक पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा नव्याने अर्ज. सहा वर्षे ही जागा आमचाच एक जुना विद्यार्थी सांभाळीत होता. मेहकर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. मातीतला तो, आणि सालदारही तोच. बाहेरून आलेला मी कायम! त्या वर्षी दूरच्या जिल्ह्यातून एक उमेदवार आला. पदव्या अधिक, छापलेले निबंध अधिक, इंग्रजी अस्खलित. विभागप्रमुख म्हणून माझे मत विचारण्यात आले. मी गुणांची बेरीज केली आणि बाहेरच्या उमेदवाराच्या बाजूने मत दिले. यात गैर काही नव्हते. तीस वर्षांपूर्वी कोणी तरी माझ्यासाठीही अशीच बेरीज केली असणार.

करुण गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी, इतर मंडळी उठून गेल्यावर, मी हे गुरुजींना सांगितले. का सांगितले ते मला नीटसे उमगत नाही. बहुधा त्यांनी मला दोष द्यावा अशी इच्छा असावी. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "सर, जाफर आला तेव्हा वरच्या फळीत उभं राहणारं कोणी नव्हतं आपल्याकडे. तुमच्या विभागात कशाची उणीव होती?"

मी उत्तर जुळवू लागलो. संशोधन, मूल्यांकन, निबंध. पण हे शब्द त्या ओट्यावर फार पोकळ वाजले. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलींच्या घरी कोणी इंग्रजीचे पुस्तक उघडलेले नसते. त्यांना कोणत्या शब्दाशी अडते ते त्या मेहकरच्या मुलाला विचारावे लागत नसे, कारण तो स्वतः तेथेच अडला होता. ती जागा भरलेली होती. उणीव दुसरीकडे होती, आणि ती कोठे आहे हे न पाहताच मी उत्तम खेळाडू निवडून मोकळा झालो होतो. गुरुजींनी विषय वाढविला नाही. त्यांचा एक डावखुरा मुलगा पूर्वी नागपूरच्या शिबिरापर्यंत जाऊन परत आला होता. आता गावातच कृषी केंद्र चालवितो. "तोही चांगलाच होता," एवढेच ते उठताना म्हणाले. कोणाविषयी, ते मी विचारले नाही.

नवा माणूस वाईट निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. तो मेहनती आहे. मुले हळूहळू त्याची भाषा समजू लागली आहेत आणि तो त्यांची. मीही १९९६ साली असाच शिकलो. आमचा जुना विद्यार्थी रोज एस.टी.ने दीड तास जाऊन दुसऱ्या गावी तासिकांवरच शिकवितो.

दिवाळीच्या आधी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला आमची मुले घेऊन मी गेलो होतो. इंग्रजी वादविवादात पहिले बक्षीस दुसऱ्याच एका महाविद्यालयाच्या दोन मुलींना मिळाले. आमचा संघ दुसरा आला. त्या मुलींबरोबर आलेला शिक्षक तोच होता. मागच्या भिंतीशी उभा राहून तो त्यांच्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवीत होता. समारंभानंतर येऊन त्याने मला वाकून नमस्कार केला. मला काही बोलता आले नाही.

रात्री ओट्यावर मधल्या फळीचा वाद रंगात आला होता. मी गुरुजींच्या शेजारी बसून स्पर्धेची हकीकत हळू आवाजात सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, आणि मग वकीलसाहेबांच्या यादीकडे वळण्यापूर्वी एवढेच विचारले:

"मग? टाळ्या वाजवल्या ना?"

वाजविल्या होत्या. त्यांना तसे सांगितले.