गावठाणाखालची काळी

मामाच्या घरामागे न्हाणीघर बांधायचं होतं, म्हणून उन्हाळ्यात पाया खणला. वरचा वीतभर मुरूम निघाला. त्याखाली काळी, चिकट माती लागली, मध्येमध्ये चुनखडीचे खडे. गवंड्याने कुदळ टेकवली आणि म्हणाला, "ही तर रानातली माती. पाया अजून खाली न्यावा लागंल." तीन फूट खणलं, पण खापरीचा एक तुकडा निघाला नाही. राख नाही, हाड नाही, फुटकी बांगडी नाही. पळसदेवचं हे गावठाण मी लहानपणापासून बघतोय. सरळ गल्ल्या, मारुतीचं देऊळ, शाळा, पलीकडे पुणे-सोलापूर महामार्ग. पण हे सगळं कुणाच्या तरी शेतावर उभं आहे, हे मला त्या खड्ड्यात वाकल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरी माणसांनी राहून राहून तयार होते. मातीची भिंत पडते, तिच्यावरच दुसरी उठते. चुलीतली राख, सारवणाचं शेण, फुटलेली मडकी, जनावरांच्या खुरांखाली तुडवलेला कडबा, सगळं तिथेच मुरतं आणि काही शतकांनी माती पांढुरकी, भुसभुशीत होते. जुन्या वस्तीचा माग काढणारे अभ्यासक म्हणूनच पांढरीचं टेकाड शोधतात. भीमेच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून जे उत्खनन केलं, ते अशाच टेकाडांवर. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, आणि घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली तान्ही मुलं. आपलं लेकरू घराबाहेर नको, ही त्या आईची ओढ मला कुठल्याही राजवंशाच्या इतिहासापेक्षा जवळची वाटते.

जुन्या पळसदेवला अशी पांढरी होती. उजनी धरणाचं काम 1966 साली सुरू झालं, 1980 च्या सुमाराला ते पुरं झालं आणि भीमाकाठचं गाव पाण्याखाली गेलं. देव नव्या गावात आणला. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र तिथेच उभं राहिलं. पाणी उतरलं की आधी त्याचं विटांचं शिखर दिसतं, मग खांब, मग आवारातले वीरगळ. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. उजनीत 117 टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं 63 हून जास्त मृतसाठा, म्हणून उण्यात गेल्यावरही धरणात पाणी दिसतं. त्या उन्हाळ्यात देवळापर्यंत चालत जाता आलं. भेगाळलेल्या गाळात पायाखाली खापऱ्या कुरकुरत होत्या. एका जात्याची वरची तळी पडली होती. खुंटा कुजून गेला होता, पण खुंट्याचं भोक इतकं गुळगुळीत की त्यात बोट घातल्यावर बोट काढवेना. या गावचा शके 1079 चा, म्हणजे इ.स. 1157 चा कोरीव लेख शं. गो. तुळपुळ्यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात घेतला आहे. ज्ञानेश्वरीच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी इथे कुणीतरी मराठी दगडात कोरून ठेवत होतं.

बुडालेल्या गावाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, लिहिलं जावंही. देऊळ उघडं पडलं की माणसं फोटो काढायला येतात. ज्या जमिनीवर नवं गाव आखलं गेलं तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. नकाशावर ती कोरी होती. कोऱ्या जागेवर रस्ते आखले, प्लॉट पाडले, नंबर दिले. पुनर्वसन म्हटलं की आपण उठलेल्यांचा विचार करतो. ज्यांच्या रानात ही माणसं येऊन बसली, त्यांचंही काहीतरी उठलंच होतं.

आणि ही जमीन कोरी नव्हतीच. ब्रिटिश अमदानीतली जमीन मोजणीची जी पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली, तिची सुरुवात आमच्या इंदापूर तालुक्यात झाली. आधी प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली होती. ती इतकी चुकीची आणि तिच्यावर बसवलेला सारा इतका जड, की शेतकरी रानं सोडून परागंदा झाले. मग 1835-36 च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इथे नव्याने काम सुरू केलं. 33 फुटांची साखळी, 16 आण्यांत विभागलेली. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. आजही आपण त्याच मापात भांडतो. जमिनीचा कस काढायला खड्डा खणून मातीचा रंग आणि खोली बघायचे. या पद्धतीच्या 1847 च्या अहवालात पक्क्या झालेल्या कोष्टकात पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे 16 आणे जमीन. मामाच्या न्हाणीघराचा खड्डा मी हाताने मोजला. पावणेदोन हातांच्या खालीही काळीच होती.

तीस वर्षांनी, 1867 साली, याच तालुक्यात सारा वाढवला गेला. पुढे भाव पडले, सावकाराची वही वाढत गेली, आणि 12 मे 1875 ला शेजारच्या सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जाची खतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते पुस्तकात आले. ज्या रानांच्या कागदांपायी ते घडलं, तशाच एखाद्या रानात आज आमची न्हाणी आहे.

खड्डा बघायला शेजारच्या आजी आल्या होत्या. त्यांच्या सासरची जमीन धरणात गेली नाही, गावठाणात गेली. मी विचारलं, "आजी, इथे आधी काय होतं?" त्यांनी पदर सावरला आणि हात फिरवून सांगितलं, "हितं हिवराचं रान हुतं. त्या टाकीपाशी थळ. शाळा हाय तिथं शाळू लई यायचा, पाऊस झाला तर. अन् ह्या तुमच्या मागल्या दारात बांध." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बांधावर आमचा बैल पुरलाय."

घरी कुणालाच हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं आम्ही त्या बांधावर चपला काढत होतो. सात-बाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार असतो. हिवराचं रान, थळ, बैल यांना तिथे रकाना नाही. हा इतिहास फक्त ऐंशीच्या पुढच्या चार-दोन माणसांकडे उरलाय.

तुमचं घर पुनर्वसित गावठाणात असेल, एमआयडीसीच्या वसाहतीत असेल, नाहीतर नवी मुंबईच्या एखाद्या सेक्टरात असेल, जी नवी मुंबई पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभी राहिली, तर एवढं करा. त्या जागेचा जुना धनी शोधा. त्या रानाला काय म्हणत, कोणतं पीक निघायचं, विहीर कुठे होती, हे विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. मी आजींचं सांगणं लिहून घेतलं, आणि बांधाची जागा सोडून न्हाणीघर दीड हात मागे घेतलं.