कयाधूकाठी पळायच्या वाटा

कळमनुरीहून हिंगोलीकडे किंवा आखाडा बाळापूरकडे पहाटे पाच-साडेपाचला निघालात, तर गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. पोलीस भरती, सैन्य भरती, निमलष्करी दले, यासाठी आपल्या भागात घरोघरची मुले पळत आहेत. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळे ती वर्दी लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. पळायची जागा मात्र कोणती, तर अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग! पहाटे ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर झोप असते आणि पोरांच्या अंगात काळे कपडे. पाहून पोटात गोळा येतो.

गेल्या माघात नदीकाठच्या एका गावी हळदीच्या काढणीची बैठक होती. बैठक उठल्यावर एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, हळदीचं समजलं. पण आमची पोरगी भरतीसाठी पळायलीय. तिचा बाप हायवेवर जाऊ देईना. तुम्ही शिवार पायाखाली घातलेला माणूस. पळायला एखादी वाट सांगा की."

तीस वर्षांत बियाण्याचे, खताचे, किडीचे हजार प्रश्न आले. हा पहिल्यांदाच आला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तिथे पोचलो. मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि मी असे तिघे शिवार पाहायला निघालो. ती दोघे पळत होती, मी मागून मोटारसायकलवर. पन्नाशीनंतर एवढी सवलत घ्यायला हरकत नसावी.

पहिली वाट कयाधूच्या काठाची. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचे नाव. ही नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते, नामदेवांच्या नर्सीवरून वाहत कळमनुरी तालुक्यात येते आणि पुढे पैनगंगेला मिळते. माघातल्या सकाळी हा काठ पाहावा. पात्रात डोह तेवढे उरलेले, त्यांवर वाफेसारखे धुके. खंड्या पक्षी करंजाच्या फांदीवर टपून बसलेला. काठावरचा पळस नुकता पेटू लागलेला, आणि अलीकडे घाटे धरलेला हरभरा दवाने ओला. मी इतकी वर्षे या काठाने हिंडलो ते मोटारपंप आणि पिकांवरचे रोग बघत. मुलगी पुढे पळत होती म्हणून मान वर झाली, एवढे खरे.

पण काठाची वाट बारमाही नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला मणभर चिकटतो, उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. सप्टेंबर 2024 च्या आरंभी अतिवृष्टी झाली तेव्हा कयाधूचे पाणी शेतांत शिरले होते, ते अजून कुणी विसरलेले नाही. तेव्हा ही वाट कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची. वाळूत पळल्याने दम वाढतो म्हणतात. वाढतोही, पण पोटऱ्या भरून येतात. आठवड्यातून एखादा दिवस पुरे.

दुसरी वाट कालव्याची. आपल्या तालुक्यात पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. त्याच्या कालव्यालगतचा देखभालीचा रस्ता मुरुमाचा, सरळ आणि बऱ्यापैकी सपाट असतो. ज्या गावांजवळून तो जातो त्यांनी पाटकऱ्याला सांगून-सवरून त्याचा उपयोग करावा. मात्र पाणी सुटलेले असताना अंधारात तिथे जाऊ नये. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला कडेला हात धरायला काही सापडत नाही. पोहणाराही बाहेर येत नाही.

त्या मुलीच्या गावाला कालवा लांब. तिच्यासाठी तिसरी वाट उरली, ती पाणंदीची. गावाच्या वेशीपासून मळ्यांकडे जाणारी, दोन्ही बाजूंना बाभळी आणि कडुलिंब, खाली निबर मुरुम. मोटारसायकलच्या आकड्यावर मोजली तर जेमतेम दीड किलोमीटर भरली. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर आणि मुलांना 1600 मीटर धावावे लागते. म्हणजे मुलीला एकदा, भावाला जाऊन-येऊन, दोघांचीही सोय. पण मध्यावर एका ठिकाणी पाणंद एवढी आक्रसलेली की बैलगाडी जाईना. दोन्ही धुऱ्यांनी वर्षाला वीतभर, वीतभर करत रस्ता खाल्लेला, वर बोराटीच्या काट्यांचे कुंपण. कुणी केले ते गावाला ठाऊक आहे, मी नाव सांगत नाही.

अशा वेळी भांडण न करता काय करता येते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. असलेली वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 143 आहे. पाणंदीचे काम करायचे तर 2021 साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ग्रामपंचायतीत तिची चौकशी करावी.

गावाने अर्ज केला नाही. बैठक घेतली, चहा झाला, आवाज चढले. खरे सांगायचे तर पळणाऱ्या पोरीसाठी कुणी जागचे हलले नसते. शिजवलेली हळद ट्रॅक्टरने बाहेर काढायची होती, म्हणून हलले. दोन दिवसांत काटे निघाले. एक धुरा तसाच आहे, पण ट्रॅक्टर जातो आणि पोरगीही जाते.

दोन गोष्टी मात्र मी त्या घरी बजावून आलो. पहिली, रानडुकरांसाठी काही जण शेताभोवती तारेत थेट वीज सोडतात. हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मेली आहेत. म्हणून अंधारात बांधावरून आडवाटेने पळायचे नाही, पाणंद सोडायची नाही. दुसरी, शेजारी फवारणी चालू असेल त्या दिवशी त्या बाजूला फिरकायचे नाही. धावताना माणूस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवावे.

मुलीच्या बापाला एक शंका होतीच, "पळून पळून काय होणार?" मी त्यांना आपल्या मराठवाड्यातल्याच अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव, घर शेतकऱ्याचे. शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट. पुढे सैन्यात गेला आणि 3000 मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तर 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. बाप काही बोलला नाही. सुपारी कातरत राहिला.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो. पाणंदीच्या तोंडाशी आई घोंगडी पांघरून बसलेली, हातात मुलीचा मोबाइल. आता तीन मुली पळत होत्या. पहिली बाभूळ ओलांडली की आईने वेळ वाचायची, असे ठरले होते. मुलगी धापा टाकत जवळ आली, तेव्हा आईने आकडा सांगितला आणि लगेच माझ्याकडे वळून विचारले, "आणि साहेब, हळद शिजली हे काडी टोचूनच बघायचं ना?"