रेंज आणि अम्मी

आमच्या घरात मालिका कोणी धड बघत नाही. मालिका लागली की कोणी नमाजला उठतो, कोणी चुलीकडे जातो, कोणाला झोप येते. जाहिराती मात्र सगळे बघतात, आणि त्यातही फोन कंपन्यांच्या. आमचं गाव खेड तालुक्यात, खाडीकाठी. घरटी एक माणूस आखातात. अब्बा स्वतः २६ वर्षं कुवेतला होते. तेव्हा फोन हा आमच्याकडे चैनीचा नव्हे, नात्याचा विषय.

२००३ साली हचचा कुत्रा आला. एक लहान मुलगा पुढे आणि तो चपट्या नाकाचा पग मागे. मुलगा जाईल तिथं कुत्रा, म्हणजे तुम्ही जाल तिथं नेटवर्क. आमची अम्मी एरवी कुत्र्याला अंगणाच्या पायरीवरही उभं करत नाही. पण ही जाहिरात लागली की तांदूळ निवडायचे सोडून बघत बसायची. एकदा म्हणाली, "पोर एवढं भटकतंय, ह्याची आई कुठाय?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याकडे सगळं उलट होतं. नेटवर्क पुढे आणि आम्ही मागे. आमच्या कंपनीचं नाव घेत नाही. तिला गावात फक्त दोन जागा पसंत होत्या. एक मशिदीमागचा चढ आणि दुसरा आमच्या परसातला गडगा. जुम्याच्या दिवशी अब्बांचा फोन यायचा, त्या वेळी अम्मी हातात मोबाइल धरून गडग्यावर चढलेली असायची. पदर वाऱ्यावर, एक कान झाकलेला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "जेवलात का?" पावसाळ्यात आम्ही खाली छत्री धरून उभे. त्या पगची नोकरी आम्ही चार पावसाळे केली, तीही बिनपगारी.

२००७ मध्ये हचची व्होडाफोन झाली. कुत्रा फिरून येतो तर त्याचं गुलाबी घर लाल झालेलं. अम्मी म्हणाली, "बघ, कफील बदलला तरी ह्याची नोकरी राहिली." हे वाक्य ज्याच्या घरात कोणी आखातात राहिलंय त्यालाच पुरतं कळेल.

मग आयडियावाला अभिषेक बच्चन. गावात जातीवरून मारामाऱ्या, तर ह्याचा उपाय असा की ह्यापुढे कोणाला नाव नाही, मोबाइल नंबर हेच नाव. आम्हाला कल्पना एकदम पटली. जातीचं जाऊ द्या, आमच्या मोहल्ल्यात इब्राहीमच पाच आहेत. होडीवाला, मस्कतवाला, चष्मेवाला, लंगडा आणि नुसता इब्राहीम. पण दहा आकडी हाक मारेपर्यंत माणूस एसटीत बसून निघून जाईल, असं नुसत्या इब्राहीमचं मत पडलं.

२००९ ला झूझू आले. त्या वर्षी आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली होती आणि झूझूंचं चित्रीकरणही तिकडेच, केपटाऊनला झालं. पोरांना ती कार्टून वाटली. खरं तर पांढऱ्या पोशाखात माणसंच होती. एवढी पांढरीशुभ्र मंडळी एकदम बघून अम्मीनं विचारलं, "जुम्याला निघालेत का सगळे?"

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण २०१७ मध्ये व्होडाफोननं गोव्यात फिरणारं एक म्हातारं जोडपं दाखवलं, आशा आणि बाला. खऱ्या आयुष्यात ते भरतनाट्यमचे नामवंत कलाकार धनंजयन पती-पत्नी. म्हातारा आकाशात उडतो, म्हातारी त्याच्या नावाचं गोंदवून घेते. आम्ही हसलो. अम्मी हसली नाही.

अब्बा दर दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या रजेवर यायचे. २६ वर्षांत तेरा रजा, म्हणजे सव्वीस महिन्यांचा संसार. बाकीचा आधी पत्रांवर आणि टेपच्या कॅसेटवर झाला, मग गडग्यावर. हा हिशेब आम्ही त्या रात्री प्रथमच केला. अब्बा कायमचे परत आले त्याला तोवर काही वर्षं झाली होती. आता रेंज घरभर आहे, स्वयंपाकघरातसुद्धा. दोघांकडे आपापला मोबाइल, आणि दोघं एकाच पलंगावर बसून कतारला नातवाशी वेगवेगळं बोलतात.

जाहिरात संपल्यावर अम्मी टीव्हीकडे बघतच म्हणाली, "गोवा काय लांब नाही आपल्याला."

अब्बा मोबाइलमध्ये होते. आम्ही खाकरलो. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ अम्मीकडे बघितलं आणि विचारलं, "तिथं रेंज मिळते का?"

"नसली तर बरंच," अम्मी म्हणाली.

आम्ही खेड ते मडगाव दोन तिकिटं काढली. गोंदवण्याचा प्रश्न आमच्याकडे येत नाही, पण आदल्या रात्री अम्मी धाकट्या सुनेकडून दोन्ही हातांना मेंदी काढून घेत होती. अब्बांनी त्यांचा चार्जर घरीच विसरला. विसरला, असं ते म्हणतात.