गाडी थांबती का तिथं?

चिकलठाण्यात विमानतळ विचारला तर लोक नुसता हात करतात. एमआयडीसी विचारली तर कोणती कंपनी, असं पुढचं विचारतात. मिनी घाटी, म्हणजे जिल्हा रुग्णालय, रिक्षावाल्याला सांगावंही लागत नाही. सोबतच्या आजारी माणसाकडे बघून तो ओळखतो. रेल्वे स्टेशन विचारलं की मात्र समोरचा घुटमळतो. "हाय ना. पण गाडी थांबती का तिथं?"

प्रश्न रास्त आहे. जालना रोडचा गोंगाट मागे टाकून आत वळलं की रस्ता बारीक होत जातो आणि आवाजही. मग रूळ लागतात. पलीकडे काळी माती, तिच्यात मका नाहीतर कापूस, आणि मध्येच कुणीतरी प्लॉटिंगसाठी रोवलेले पांढरे दगड. सुखना नदीही याच पट्ट्यातली. उन्हाळ्यात तिच्यात नदी कमी आणि सांडपाणी जास्त. संभाजीनगर शहर चारी अंगांनी इथवर चालून आलं. कारखाने आले, विमानतळ आला, आयटी पार्क आलं, दवाखाना आला. रेल्वे या सगळ्यांच्या आधीपासून इथून जाते. जाते, एवढंच म्हणायचं.

हा मार्ग निजामाचा. कागदोपत्री नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. सिकंदराबादपासून मनमाडपर्यंतचा 391 मैलांचा हा मीटर गेज मार्ग 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. दख्खनवर मोठा दुष्काळ पडला तो याच सुमारास. मनमाडला निजामाचा अरुंद रूळ संपे आणि तिथून ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा रुंद रूळ सुरू होई. मराठवाड्याच्या कापसाची गाठ या डब्यातून उतरवायची, त्या डब्यात चढवायची, मग मुंबई. माणसांचीही तीच गत: ट्रंक, वळकटी, पेंगुळलेली पोरं काखोटीला मारून अर्ध्या वाटेत गाडी बदलायची. ही चढ-उतार जवळजवळ शतकभर चालली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा रूळ राहिला. मराठवाडा जनता विकास परिषदेने आणि गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा कुठे 1990 च्या दशकात इथे ब्रॉडगेज आला. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसाला पुढे रुळाच्या रुंदीसाठी लढावं लागतं, हे मराठवाड्यातच घडू जाणे.

रूळ रुंद झाला, पण एकच राहिला. आणि एकेरी मार्गावर चिकलठाण्यासारख्या स्टेशनचं खरं काम प्रवासी चढवणं-उतरवणं नसतंच. ते असतं क्रॉसिंगचं. समोरून गाडी येत असली, तर पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळेपर्यंत सिग्नल पडत नाही. दोन्हींतली एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची, दुसरीला मेनलाइनने सोडायची. उभी राहते ती बहुधा पॅसेंजर. डब्यातला पंखा फिरतो, बाहेरचं काही हलत नाही. कुणी खाली उतरून आळोखेपिळोखे देतो, कुणी शेंगांची टरफलं खिडकीतून टाकतो, आणि एखादा जाणता म्हणतो, "देवगिरी आहे, किंवा मालगाडी. ती गेल्याबिगर आपल्याला सोडत नाहीत." मग दूरवर रूळ गुणगुणायला लागतात. धाडधाड डबे निघून जातात आणि मागे उरतो तो तापलेल्या लोखंडाचा आणि धुळीचा मिसळलेला वास. मला हा खोळंबा आवडतो, हे सांगायला हरकत नाही. पण मला पाळीवर पोचायचं नसतं.

गंमत अशी, की क्रॉसिंग कधी एक्सप्रेसलाही पडते. तिला इथे थांबा नसतो, तरी ती थांबते. मग दार उघडून पिशव्या आधी आणि माणसं नंतर खाली उतरतात. वेळापत्रकात नसलेलं हे स्टेशन त्यांना पक्कं ठाऊक असतं. रेल्वे ज्या गावाला थांबा देत नाही, तिथे एकेरी रुळाचा नाइलाज तो देतो.

बाकी सेवा म्हणाल तर पॅसेंजर आणि डेमू. जालन्याहून, बदनापूरहून, करमाडहून अपडाउन करणारे त्यांच्यावर अवलंबून. मास्तर, बँकेतले, घाटी रुग्णालयात तपासणीला निघालेले, कॉलेजची पोरं. कोविडनंतर याच गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लागलं; किमान दहा रुपयांचं तिकीट तीस झालं, आणि 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं. दहा रुपयांत शेअर रिक्षा पुढच्या चौकापर्यंत नेते, हे ज्याला कळतं त्याला डेमूची किंमत कळते. तरीही कारखान्यातला कामगार तिच्याकडे वळत नाही. कंपनीचा भोंगा सकाळी एका वेळेला होतो आणि गाडी दुसऱ्या वेळेला येते. त्यात क्रॉसिंग पडली तर हजेरी गेली. म्हणून तो कंपनीच्या बसमध्ये नाहीतर दुचाकीवर जालना रोड धरतो, आणि त्या रस्त्यावर संध्याकाळी केंब्रिज चौकापासून काय होतं ते संभाजीनगरकरांना सांगायला नको.

रूळ रिकामा दिसतो म्हणून माणूस त्याच्यावर विसंबतो. 8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या मध्ये 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यातली ती माणसं, मध्य प्रदेशातली. टाळेबंदीत रस्ते अडवलेले, म्हणून रुळांवरून पायी निघालेली. भुसावळहून घरी जायला गाडी मिळेल ही आशा. थकून रुळांवरच झोपली. मागे रुळांवर चपला आणि पोळ्या पडल्या होत्या, ते छायाचित्र देशाने पाहिलं. त्यांच्या वाटेवर करमाडनंतरचं स्टेशन चिकलठाणा होतं. देशातला एवढा गाजलेला अपघात या रुळावर झाला आणि तो गाडीत बसलेल्यांचा नव्हता; गाडी न मिळालेल्यांचा होता.

कारभाराचं गाऱ्हाणं तर जुनंच. 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली, 2003 मध्ये नांदेड विभाग झाला, तरी मुख्यालय सिकंदराबादच. मुंबईकडे तोंड असलेल्या मुलखाचा निर्णय सिकंदराबादेत होतो. डबे धुण्या-तपासण्याची पिटलाइन चिकलठाण्याला व्हावी ही मागणी बरीच वर्षं होती. 2022 मध्ये त्यावरून जालना आणि औरंगाबाद यांच्यात चांगलीच जुंपली. नवी गाडी सुरू करायची म्हटलं की पिटलाइन नाही, हे उत्तर मराठवाड्याने इतक्यांदा ऐकलंय, की पिटलाइन हा शब्द इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असावा. ऑक्टोबर 2025 मध्ये औरंगाबाद स्टेशनची पाटी बदलून छत्रपती संभाजीनगर झाली. पाटी बदलायला वेळ लागत नाही.

त्याआधी, 31 जुलै 2025 ला मात्र खरं काही घडलं. संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. हा दुसरा रूळ चिकलठाण्यावरून जाणार. तो पडला की क्रॉसिंगचा बहाणा संपेल, आणि आडवेळी अंगणात टपकणारी एक्सप्रेसही. ते नुकसान मी सोसेन. पण दुसऱ्या रुळावरून जादा मालगाड्या आणि वंदे भारतच धावणार असतील, तर चिकलठाण्याला त्याचा उपयोग धुळीपुरता. रेल्वेने एवढंच करावं: जालना आणि लासूर या दोन्ही बाजूंनी सकाळी सातच्या आत चिकलठाण्याला पोचणारी एकेक डेमू द्यावी, संध्याकाळी पाळी सुटल्यावर परतीची द्यावी, आणि स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत महापालिकेने सिटी बस जोडावी. यासाठी ना नवा रूळ लागतो ना नवी पिटलाइन. वेळापत्रक करणाऱ्याने एकदा कारखान्याच्या गेटवर पाळीची वेळ वाचली तरी पुरे.